अशोक राहू देत, आधी गुलमोहराचा बुंधा बघा

पत्र:

आमचा बंगला सांगलीत. सासऱ्यांनी १९९१ साली बांधला आणि त्याच पावसाळ्यात पुढच्या अंगणात झाडं लावली. घराचं तोंड पश्चिमेला, अंगण चाळीस बाय पंचवीस फूट, जमीन काळी. दारातून बाहेर बघितलं की उजव्या अंगाला ओळीनं चार अशोक, डाव्या कोपऱ्यात गुलमोहर, डाव्या भिंतीला लागून फायकस आणि पोर्चसमोर दोन बॉटल पाम. आता घरात दुसरी गाडी येतेय. एका लँडस्केपवाल्यांनी ड्रॉइंग करून दिलंय: सगळी झाडं काढायची, पेव्हर ब्लॉक बसवायचे, मधे लॉन, कडेनं कुंड्या. ह्यांचं म्हणणं, "नाहीतरी शोभेचीच झाडं, खायला ना प्यायला, काढून टाकू." सासूबाई म्हणतात, एका फांदीलाही हात लावायचा नाही. मला वाटतं, गुलमोहर तेवढा ठेवावा. मी लग्न होऊन आले ती १९९८ च्या मे महिन्यात, तेव्हा तो पहिल्यांदा फुलला होता. अशोक मात्र नुसते खांब. पावसाळ्यात वटवाघळं येतात आणि सकाळी अंगणभर चोथा. २०१९ च्या पुरात आठ दिवस अंगणात पाणी होतं, तरी सगळी झाडं तगली. काय करू? आणि जाता जाता: गेली दोन वर्षं गुलमोहराच्या बुंध्याशी पावसाळ्यात तपकिरी कुत्र्याच्या छत्र्या येतात. मी काढून टाकते. त्यावर एखादं औषध आहे का?

— अंगणात अडकलेली

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही "जाता जाता" म्हणून शेवटी लिहिलीत. म्हणून मीही तिथूनच सुरुवात करते. पेव्हर, लॉन, गाडी हे सगळं नंतर.

तुम्ही ज्यांना कुत्र्याच्या छत्र्या म्हणता, त्या हाताला कशा लागतात? उकिरड्यावर उगवणारी छत्री मऊ असते, बोट लावलं की मोडते, दुपारच्या उन्हात मान टाकते. तुमची तशी नसेल. ती बुंध्याला फळीसारखी आडवी चिकटलेली असेल, लाकडासारखी टणक, वरून व्हार्निश मारल्यासारखी तांबूस-तपकिरी चमकणारी, नवी असताना कडेला पांढरी किनार. काढताना ओढावी लागते आणि कट्ट आवाज होतो. असं असेल तर ती गॅनोडर्मा नावाची बुरशी असण्याची शक्यता फार मोठी. गुलमोहर हे तिचं आवडतं झाड. नारळावरही येते, तुमच्याकडच्या नारळवाल्यांना विचारा.

तुम्ही काढून टाकता ते तिचं फळ. आंबा तोडल्यानं आंब्याचं झाड जात नाही, तसंच हे. खरी बुरशी बुंध्याच्या आत आणि मुळांत असते आणि तिथलं लाकूड खात असते. फळ बाहेर दिसायला लागतं तोवर आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं. वर झाड हिरवंगार राहतं, फुलतंही, म्हणून कुणाला शंका येत नाही. आठ दिवस पुराचं पाणी मुळांत साचलेलं, तेव्हा मुळं गुदमरली असणार आणि बुरशीला शिरायला वाट मिळाली असणार. "सगळी झाडं तगली" असं तुम्ही म्हणता. पण पुराचं देणं झाडं कधीकधी चार-पाच वर्षांनी फेडतात.

औषध नाही. बुंध्याला बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप लावा, बुरशीनाशक पाण्यात कालवून मुळांशी ओता, तुमच्या मनाला बरं वाटेल. कुजलेलं लाकूड परत येत नाही.

आता परीक्षा. घरात कपडे धुवायची जुनी मोगरी असेल तर ती घ्या, नसेल तर कोयत्याची मूठ. बुंध्याला जमिनीपासून कमरेपर्यंत वीतभर अंतरानं ठोकत एक फेरी मारा. धड लाकूड ‘ठक’ बोलतं. पोकळ झालेलं ‘डब’ बोलतं, पिकलेल्या फणसावर थाप मारल्यासारखं. ‘डब’ येईल तिथे खडूनं फुली करा. मग फुल्यांच्या जागी साल जिथे सुटलीय तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा, किती आत जातो. बुंध्याभोवतीची माती एका बाजूनं उचलल्यासारखी वाटते का, नवी भेग पडलीय का, तेही बघा. सध्या गुलमोहराची पानगळ आहे, म्हणून वरच्या फांद्या मेल्या की जिवंत हे नुसतं बघून कळणार नाही. शेंड्याकडची एखादी डहाळी नखानं खरवडा. आत हिरवं असेल तर जिवंत, तपकिरी सुकं असेल तर गेली.

हे करून झालं की फोटो काढा आणि कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्राच्या कुणाला तरी दाखवा. बुरशीचा तुकडा कागदी पिशवीत घालून न्या, प्लॅस्टिकमध्ये नको, घाम येऊन सडतो. मी पत्रावरून सांगतेय, ते लोक बघून सांगतील.

आणि हे सगळं एप्रिलच्या आत. आपल्याकडची झाडं नुसती मुसळधार पावसातच नाही, वळवाच्या वाऱ्यातही पडतात. दुपारी उकडतं, चारला आभाळ भरून येतं, धुळीचा लोट उठतो आणि पाच मिनिटांत होत्याचं नव्हतं. गुलमोहराची मुळं वरच्यावर पसरलेली, लाकूड ठिसूळ, वर छत्रीसारखा घेर. त्यात बुंधा पोकळ असला तर तो कुठं पडेल हे त्याच्या हातात नाही. तुमच्या डाव्या कोपऱ्यातून तो पडला तर एकीकडे रस्ता, एकीकडे विजेच्या तारा, एकीकडे शेजाऱ्यांची भिंत आणि एकीकडे तुमचा पोर्च. रिकामी दिशा मला तरी दिसत नाही. तेव्हा मोगरी ‘डब’ बोलली आणि तज्ज्ञांनीही तेच सांगितलं, तर जे झाड तुम्हाला ठेवायचंय तेच काढावं लागणार आहे. मला माहीत आहे, तुम्ही हे ऐकायला पत्र पाठवलं नव्हतं.

बुंधा धड निघाला तर राहू दे की! गुलमोहर मूळचा मादागास्करचा, परदेशी, म्हणून नाक मुरडणारे खूप. मी त्यातली नाही. शेजारच्या साताऱ्यात दर १ मे ला गुलमोहर दिवस करतात, झाडाखाली बसून चित्रं काढतात. इतकं प्रेम मिळवलेल्या झाडाला आता उपरा कशाला म्हणायचं? फक्त दर दोन वर्षांनी जाणत्या माणसाकडून वाळक्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या उतरवून घ्या आणि मोगरीची फेरी दरवर्षी मारा.

आता अशोक. यांची बाजू घ्यायला तुमच्या घरात सासूबाईंशिवाय कुणी नाही, म्हणून मी घेते.

आधी नावाचा घोळ. अशोकवनातला तो हा नव्हे. तो सीता-अशोक, केशरी-लाल फुलांचा, पसरट. तुमचा उंच सरळसोट, खाली झुकलेल्या लांब नागमोडी पानांचा, त्याला हिरवा अशोक किंवा खोटा अशोक म्हणतात. ऐंशी-नव्वदच्या दशकांत शाळा, बँका, दवाखाने, बंगले, जिथे भिंत तिथे हे लावलेत. म्हणून डोळ्यांना त्याचा कंटाळा आला, हे मी समजू शकते. पण कंटाळा आला म्हणून तीस-पस्तीस वर्षांचं झाड पाडायचं?

तुमचं घर पश्चिमेला तोंड करून आहे. एप्रिल-मे मध्ये दुपारी साडेतीन ते सहा ऊन सरळ हॉलमध्ये येत असणार. त्या दिवसांत गुलमोहर काय करत असतो? एप्रिलमध्ये बहुधा बोडका, नंतर फुलांनी लाल आणि पालवी जेमतेम. डोळ्याला गारवा, भिंतीला नाही. अशोक बारा महिने पानांनी भरलेला. शिवाय उन्हाळ्यात सूर्य मावळतीला थोडा उत्तरेकडे सरकलेला असतो, म्हणजे तुमच्या दारातून बघितलं तर उजवीकडे, नेमका अशोकांच्या मागे. त्यांची लांब सावली अंगण ओलांडून घराच्या भिंतीवर पडते. गुलमोहराची सावली मात्र डाव्या कोपऱ्यातून आणखी डावीकडे सरकते आणि त्यातली बरीचशी शेजाऱ्यांच्या वाट्याला जाते. माझ्या शब्दावर जाऊ नका. येत्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात संध्याकाळी पाचला हॉलच्या खिडकीबाहेरच्या भिंतीला हात लावा, आधी सावलीतल्या भागाला, मग उन्हातल्या.

जागाही किती कमी अडवतात बघा. चार झाडं, पण खाली प्रत्येकाला घमेल्याएवढी जमीन. भिंती उचकटत नाहीत. रस्त्यावरची धूळ पानांवर थांबते. पालवी फुटते तेव्हा तांबूस चकचकीत असते आणि त्या कोवळ्या पानांवर टेल्ड जे नावाचं फुलपाखरू अंडी घालतं, काळ्या पंखांवर पोपटी ठिपके असलेलं. ते घाईघाईनं उडतं, बसलं तरी पंख फडफडवत राहतं, म्हणून लक्षात येत नाही. यंदा लक्ष ठेवा.

वटवाघळांचं गाऱ्हाणं खरं आहे. त्याला उपाय नाही, झाडू आहे. जांभळट-काळी फळं पिकली की ती येतात, गर चोखतात, चोथा आणि बिया टाकतात. काही आठवड्यांचा हंगाम असतो, मग संपतो. त्या दिवसांत गाडी अशोकांखाली लावू नका, एवढंच. आणि एक हात जोडून विनंती: उंची वाढली म्हणून कुणी "शेंडे उडवून देतो" म्हणाला तर त्याला फाटकातूनच परत पाठवा. शेंडा उडवलेल्या अशोकाचा खराटा होतो. कापल्या जागी पाच-सहा कमजोर फांद्या फुटतात आणि पुढे वाऱ्यात त्याच मोडतात.

फायकसच्या बाजूनं मी एक शब्द बोलणार नाही. नर्सरी चालवताना मीही शेकडो विकले, कुंडीतलं गोजिरवाणं झुडूप म्हणून, आणि गिऱ्हाइकानं ते भिंतीशी जमिनीत लावलं. त्याची मुळं किती लांब जातात हे लोकांना दहा वर्षांनी कळतं. तुमची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, त्या हालचालीनं भिंत आधीच हैराण. त्यात हे झाड भिंतीखालचं पाणी ओढतं. ड्रेनेजचा चेंबर त्याच बाजूला असेल तर उघडून बघा. सांध्यातून जरा पाणी झिरपत असेल तर मुळांच्या झिपऱ्या आत लोंबत असतील. काढून टाका. नुसतं कापू नका, खुंटासकट, नाहीतर दोन पावसांत पुन्हा झुडूप.

पाम तेवढे नीट ओळखा. खरा बॉटल पाम ठेंगणा, बुंध्याला खाली बाटलीसारखं पोट, दहा-बारा फुटांवर दमतो. तुमचे पस्तीस वर्षांत पोर्चच्या वर गेले असतील तर ते बॉटल नव्हेत, रॉयल पाम. त्या नावाखाली तेच विकले जातात. रॉयल पामची वाळलेली झावळी देठासकट खाली येते तेव्हा तिला वजन असतं, गाडीच्या काचेला पुरेसं. ठेंगणे असतील तर राहू देत, उंच असतील तर त्यांच्याखाली गाडी नको. हलवायचेच असले तर पाम उचलून दुसरीकडे लावलेला बऱ्यापैकी जगतो, बाकी मोठ्या झाडांचं तसं नाही.

तर हिशेब असा झाला: फायकस जाणार, गुलमोहर बहुधा जाणार. दोन्ही डाव्या बाजूला. म्हणजे दुसऱ्या गाडीची जागा तिथेच निघाली आणि उजवीकडच्या अशोकांना हात लावायचं कारण उरलं नाही. ड्रॉइंगवर विश्वास ठेवण्याआधी अंगणात फक्की मारा. फाटकापासून दोन्ही गाड्यांची जागा, वळण, दरवाजे उघडायला लागणारं अंतर, सगळं जमिनीवर आखा आणि एकदा खरोखर गाडी आत घालून बघा. ह्यांनाच घालू द्या. चाळीस फुटांत दोन गाड्या आणि चार अशोक सुखानं मावतात.

पेव्हरबद्दल मात्र तुमच्या लँडस्केपवाल्यांशी भांडावं लागलं तरी भांडा. ब्लॉक दिसतो वरचा, खाली काँक्रीट ओततात ते दिसत नाही. माझ्याच अंगणात सासूबाईंच्या हातची बकुळ होती. वीस वर्षांपूर्वी मी पुढचं अंगण बांधून घेतलं आणि गवंड्यानं बकुळीभोवती वीतभर गोल ठेवून बाकी सगळं काँक्रीट केलं. मी समोर उभी होते, मला ते नीटनेटकं वाटलं. झाडांचा धंदा करणारी बाई मी! दुसऱ्या वर्षी पानं बारीक झाली, तिसऱ्या वर्षी शेंडा वाळला, चौथ्या वर्षी बकुळ गेली. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. त्याचाच मला जास्त त्रास झाला.

तर अशोकांच्या ओळीच्या दोन्ही बाजूंना निदान एक मीटर माती उघडी. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ साली दिल्लीतल्या झाडांबाबत हेच अंतर सांगितलं होतं. गाडीसाठी चाकांखाली येतील असे शहाबादी फरशीचे दोन पट्टे घाला, खाली खडी आणि कच, मधे गवत. पावसाचं पाणी तिथल्या तिथे मुरेल. लॉनचा नाद सोडा. सांगलीच्या उन्हाळ्यात ते रोज पाणी मागतं आणि अशोकांच्या सावलीत तरीही विरळ पडतं.

कापाकापी करताना घाई नको. "उद्या सकाळी माणसं आणतो, दुपारपर्यंत साफ" असं कुणीतरी म्हणेलच. शहरात स्वतःच्या अंगणात स्वतः लावलेलं झाडही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, १९७५ चा कायदा आहे. फायकससाठी भिंतीच्या भेगांचे फोटो, गुलमोहरासाठी बुरशीचे फोटो आणि तज्ज्ञांचं पत्र अर्जाला जोडा. झाडावर नोटीस लागते, हरकतींसाठी वेळ जातो, म्हणून अर्ज लवकर करा. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष ठरवलंय, तुमची त्यात बसत नाहीत. पण तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावायची तरतूदही त्याच दुरुस्तीत आहे, तेव्हा चाळीस बाय पंचवीसमध्ये ती कुठं लावायची हे अर्ज करतानाच कार्यालयात विचारून घ्या.

गुलमोहर गेला तर त्याच मातीत लगेच दुसरा गुलमोहर लावू नका, बुरशी मुळांच्या तुकड्यांत वर्षानुवर्षं राहते. निघतील तेवढी मुळं काढा, खड्डा उन्हाळाभर उघडा तापू द्या. नवं झाड जुन्या खड्ड्यापासून सात-आठ फूट घराकडे सरकवून, भिंतीपासून दहा फूट सोडून. मी ताम्हण सुचवेन. ओढ्याकाठचं झाड, पाण्याला घाबरत नाही, घेर आटोपशीर आणि मे महिन्यात जांभळं फुलतं. आपलं राज्यफूल आहे, तरी बंगल्यांच्या अंगणात क्वचित दिसतं.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांना निकाल सांगायला जाऊ नका. मोगरी त्यांच्या हातात द्या, ठोकू देत. ही झाडं लावली तेव्हा खड्ड्यात माती त्यांनीही लोटली असेल, पोकळ आवाज त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा आधी कळेल. आणि कापायच्या आधी वरच्या काळ्या वाळक्या शेंगा उतरवून ठेवा, हलवल्या की आत बिया खुळखुळतात त्या. बी कठीण असतं. एक टोक फरशीवर पांढरं दिसेपर्यंत घासायचं, रात्रभर पाण्यात ठेवायचं, सकाळी फुगलेल्या तेवढ्या पिशव्यांत लावायच्या. गावाकडे शेत असेल तर बांधावर, घरापासून आणि तारांपासून लांब, गुलमोहराला हवी तेवढी जागा मिळेल.

आवाज ठक आला की डब, ते आठवणीनं कळवा.